दातांनी सोडलेली गाठ

ही घटना खरी आहे. नावंसुद्धा बदललेली नाहीत.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझे मिस्टरही आधी हसले होते. नंतर नाही हसले.

आणि एक. या पानावर तुम्ही नेहमी वाचता, अमावास्येची रात्र, पिंपळ, घुबडाचा आवाज. आमच्याकडे ती आली ती शुक्रवारी. भर दुपारी. लख्ख ऊन असताना, भांडी घासून झाल्यावर.

साल १९९१. होळी नुकतीच झाली होती. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमची कौलारू चाळ. तिच्यातली शेवटची खोली आमची.

शुक्रवारी इकडचे कारखाने बंद असतात आणि त्याच दिवशी लाइटही जायची. पंखा थांबायचा. शेजारच्या वेणूबाईंचा रेडिओ थांबायचा. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी थांबायची. इतकी शांतता व्हायची की कौलं तापून तडतडलेली ऐकू यायची.

घरात आम्ही चौघं. मी, शालन. मिस्टर सुदाम, कल्याणला पोस्टात. सासूबाई गयाबाई, त्यांना मी आत्या म्हणते. आणि पाळण्यात दोन महिन्यांची आमची खेमा. डोक्यावर दाट कुरळे केस, मुठी घट्ट मिटलेल्या, झोपेतसुद्धा कपाळाला आठी.

खेमाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. रांगायला लागला आणि तापात गेला. त्याच्याबद्दल जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते, त्यानंतर मी झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरल्याशिवाय कधी कूस बदललेली नाही.

माझ्या आईचं म्हणणं एकच. "त्याला आपला पत्रा बांधला नव्हता. म्हणून गेला."

हा पत्रा काय ते सांगायला हवं.

माझ्या माहेरी, आईच्या आईकडून चालत आलेला एक पत्र्याचा तुकडा आहे. म्हणजे होता. रुपयाएवढा गोल, पातळ, वरच्या बाजूला भोक. मधे ठोकून उठवलेले इंग्रजी आकडे. एक, सात, चार. झिजलेले, पण बोटाला लागायचे. घरात मूल जन्मलं की तो काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या कमरेला बांधायचा. मूल चालायला लागलं की सोडायचा आणि पुढच्यासाठी जपून ठेवायचा.

लहानपणी मी आईला विचारलं होतं, हे आकडे कसले?

आई म्हणाली, "इंग्रजांचा मंत्र असेल."

सासरी मात्र मंत्रबिंत्र चालत नाही. आत्यांनी छप्पन साली, धम्मदीक्षेनंतर, काखेत पोर घेऊन, घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि उल्हास नदीत सोडून आल्या. गावातली पहिली बाई. आजही सांगतात, टोपली रिकामी झाली तेव्हा मान कशी हलकी झाली ते. त्यामुळे माझ्या मुलाच्या वेळी त्यांनी पत्रा घरात येऊच दिला नाही.

खेमाच्या वेळी मी गुपचूप बांधला. आत्यांनी आंघोळ घालताना बघितला. काही बोलल्या नाहीत. फक्त तोंड फिरवून तेल जास्त चोळलं.

का बोलल्या नाहीत ते त्यांना माहीत आणि मला माहीत.

तर तो शुक्रवार.

लाइट गेली. मी खेमाला पाळण्यात घालून पदर तोंडावर घेऊन पडले. डोळा लागला असेल नसेल...

जाग आली ती शांततेने. खेमाचा श्वास ऐकू येत नव्हता.

धडपडत उठले. ती जागी होती. माझ्याकडे बघत नव्हती. पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी उभं असावं तशी तिकडे बघून हसत होती.

आणि कमरेला दोरा नव्हता.

कपडे झटकले. गोधडी झटकली. मग दिसला. उंबऱ्याच्या बाहेर, उन्हात. दोरा तुटला नव्हता. गाठ सोडलेली होती.

आत्या मागच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"आत्या, तुम्ही दोरा सोडलात?"

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "सोडायचा असता तर तुझ्या डोळ्यांदेखत सोडला असता. आन् चुलीत घातला असता. चोरून कराया म्या काय मांजर हाय?"

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं.

"उंदीर असेल."

"उंदीर गाठ सोडतो?"

"आमच्या पोस्टातले पाकीटसुद्धा उघडतात," म्हणाले आणि हसले.

मी खेमाला जवळ घेतलं, पोटावर पापी घेतली. आणि तशीच थांबले.

खारट लागलं.

बाळाच्या घामाची चव आईला माहीत असते. ही ती नव्हती. शाळेत असताना चौपाटीवर एकदा लाटेने मला पाडलं होतं, नाकातोंडात पाणी गेलं होतं. ती ही चव. बदलापुरात. जिथून समुद्र कुठल्या कुठे.

पुढच्या शुक्रवारी मी तयारीत होते. दोऱ्याला मारगाठ मारली. वर अजून एक. त्यावर वंदनेची मेणबत्ती पेटवून मेण ओतलं, गार केलं, मगच दोरा खेमाच्या कमरेवर सरकवला. आत्या बघत होत्या. "पोरगी हाय का पार्सल?" एवढंच म्हणाल्या.

लाइट गेली. मी पाळण्याशेजारी बसून राहिले, दोरी हातात धरून. झोपायचं नाही असं ठरवून.

झोपले नाही. शपथेवर सांगते, झोपले नाही. फक्त दूध उतू जातंय असा वास आला म्हणून स्टोव्हपर्यंत गेले. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.

मागे वळले...

दोरा उंबऱ्याबाहेर.

मी उचलला. मेणाचा गोळा अजून गाठीच्या जागी चिकटलेला होता, मधून दुभंगलेला. आणि त्या मेणावर खुणा होत्या.

दातांच्या.

बारीक, एकाशेजारी एक. लहान मुलाच्या दातांच्या. वरच्या ओळीत मधे एक जागा रिकामी. तिथला दात नव्हता.

मी तो आत्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, परत लावला.

"हे उंदराचं नाय," त्या म्हणाल्या.

इतकंच. पण त्यानंतर आठवडाभर त्या माझ्या अंथरुणाशेजारी झोपल्या.

तिसऱ्या शुक्रवारी आम्ही दोघी बसलो. पाळण्याच्या इकडे मी, तिकडे आत्या. मी पत्रा परत बांधला होता. काय करणार? माझं एक बाळ गेलं होतं. आई म्हणायची पत्रा असता तर गेलं नसतं. आता कोणीतरी तो पत्रा काढत होतं. मला एवढंच कळत होतं, की ते जे काही आहे ते माझ्या दुसऱ्या बाळावर टपलंय.

आत्यांनी पुढचं दार लावलं, कडी घातली. मागचंही लावलं.

लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. रेडिओ थांबला. गिरणी थांबली.

पाळणा हलत नव्हता. मी दोरी धरून होते, मला माहीत आहे. तरी लाकूड करकरलं. पाळण्याचं नाही. मोठं लाकूड. फरशीच्या खालून आल्यासारखं... एका बाजूने करकरत दुसऱ्या बाजूला जायचं, थांबायचं, परत यायचं.

मग श्वास ऐकू आला.

एकाचा नाही. खूप जणांचा. कोंडलेल्या जागेत दाटीवाटीने झोपलेल्या मुलांचा असतो तसा. आमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत.

खेमा हसली. तिचं झबलं आपोआप वर सरकलं. मी डोळ्यांनी पाहिलं. दोरा ताणला गेला, गाठ वर उचलली गेली, ओली झाली.

आत्या ओरडल्या.

"कोन गं तू?"

श्वास थांबले. सगळे. एकदम.

दाराची कडी खळकन खाली पडली. दार उघडलं. ऊन आत आलं.

पत्रा उंबऱ्याबाहेर पडला होता. आणि उंबरा ओला होता. आम्ही बघता बघता तो उन्हाने वाळला आणि वाळला तिथे पांढरं पडलं. आत्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "शालन, हा पत्रा तुझ्या माहेरचा. इचार तुझ्या मानसांना. कुनाचा हाय ह्यो?"

दुसऱ्याच दिवशी मी खेमाला घेऊन आईकडे अंबरनाथला गेले. माझी आई, सरस्वती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला, पण तिला काही सांगता येईना. ती म्हणाली, "गोजर मावशीला माहीत असेल. तिने बघितलंय तिला."

"कोणाला?"

"जिचा पत्रा आहे तिला."

गोजरबाई म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. राहायची उल्हासनगर कॅम्प एकला, जुन्या बराकीतल्या एका खोलीत, मुलाकडे. ऐंशीला टेकलेली. तोंडात दात नाही, पण डोक्यावर पांढऱ्याशुभ्र कुरळ्या केसांचा ढीग. आम्ही गेलो तेव्हा चहात पाव बुडवत होती.

"हे केस बघ," मला म्हणाली. "शेजारच्या सिंध्याच्या सुना विचारतात, अम्मा, कौन से पार्लर में जाती हो? म्या म्हनते, दर्यापारच्या."

मग तिने खेमाच्या केसांतून बोटं फिरवली. पत्रा बघितला. आणि हसणं थांबवलं.

"सुटतो का?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आधीच!

"सुटतो," मी म्हटलं.

"तुझ्या आईच्या वेळेलाबी सुटायचा. माझ्या पोरांचाबी. दुपारचाच. उंबऱ्याभायेर पडायचा. आमाला वाटायचं भायेरचं कायतरी हाय, पोरावर डोळा हाय त्याचा. मंग आमी अजून घट्ट बांधायचो."

"मावशी, पण हा आहे कोणाचा?"

तिने पाव बशीत ठेवला.

"माझ्या आजीचा. जनाबाई म्हनायचे तिला. ते काय तिचं नाव न्हवं. ज्या घरात भांडी घासायला दिली त्या घरानं ठेवलेलं. खरं नाव कुनालाच ठावं नाय. आफ्रिकेतून धरून आनलेली पोर. सात-आठ वर्साची. गलबतात घातली, अशीच दीडदोनशे पोरं, खाली, अंधारात, एकाला एक चिकटून. इकायला नेत होते. मंग विंग्रजांची लढाईची बोट आडवी आली. गलबत धरलं. पोरं वर काढली."

"म्हणजे सोडवली," आई म्हणाली.

गोजर मावशीने बशी बाजूला सरकवली.

"सोडवली! आजीबी आदी असंच म्हनायची. आमाला वाटलं आता घरी नेतील, म्हनायची. नाय नेलं. मुंबईच्या बंदरावर उतरवलं, रांगेत हुबं केलं. वाटून टाकलं. थोडी पोरं मिशनवाल्यांना, थोडी बोटीवर कोळसा टाकायला, पोरी घरकामाला. तिचा धाकटा भाव होता संगं. त्याला नाशिककडं धाडला. परत गाठ नाय. कुनी इचारलं नाय, बाळ, तुला कुटं जायाचंय."

"आणि पत्रा?"

"बोटीवरच अडकवला गळ्यात. मोजायला सोपं म्हनून. तिला नको होता. ती दातानं गाठ सोडायची, शिपाई परत बांधायचा. ती परत सोडायची. एकदा गाठ सोडताना हा फुडचा दात गेला तिचा." मावशीने आपल्या रिकाम्या हिरडीवर बोट ठेवलं. वर, मधे.

मेणावरची ती रिकामी जागा मी हिला सांगितलेली नव्हती. आईलाही नाही.

"मंग त्या शिपायानं भीती घातली. हा काढलास तर कुनाला कळनार नाय तू सुटलेली हायस. परत धरतील. परत इकतील. तवापासून तिनं काढला नाय. त्या घरातून पळाली, बंदरावर कोळसा व्हानाऱ्या आमच्या आज्यासंगं संसार थाटला, पोरं झाली, नातवंडं झाली. पत्रा गळ्यातच. रात्री कुनी दार वाजवलं की पत्रा धरून बसायची. म्या बघितलंय. म्हातारी बाई, पत्रा मुठीत धरून..."

"मग तिनेच सांगितलं का, पोरांना बांधा म्हणून?"

मावशीने पत्रा उलटासुलटा करून बघितला. बाहेर कोणाचं तरी शिलाई मशीन चालू होतं.

"नाय," ती म्हणाली. "ती कधीच बोलली नाय तसं. ती मेली तवा माझ्या आईनं काढला. आई म्हनाली, गलबतावरची निम्मी पोरं मेली, ही वाचली, ती ह्या पत्र्यानं. चांगलं हाय, पोरांना बांधू."

शिलाई मशीन थांबलं.

"म्हंजी बघ," मावशीचा आवाज चिरकला, "ती मेल्यावर भ्यायची थांबली. ती सोडत होती. आन् आमी बांधत होतो. त्या शिपायागत."

परत येताना आई रिक्षात खेमाला घट्ट धरून बसली. घर आल्यावर म्हणाली, "असेल ते खरं. पण आपली पोरं वाचली ना त्याच्यावर? तू वाचलीस. एकाला नाही बांधला तर काय झालं, बघितलंस ना?"

पत्रा मी खेमाच्या कमरेला परत बांधला.

हो, बांधला. सगळं ऐकूनही.

पुढच्या शुक्रवारी सकाळीच खेमाचं अंग तापलं.

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं. म्हणाले, पाण्याच्या पट्ट्या ठेवा, संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर ताबडतोब घेऊन या. मिस्टरांनी रजा टाकायचा विचार केला, पण त्या दिवशी त्यांना जावंच लागलं. आईला निरोप गेला, ती धावत आली. आल्या आल्या तिने खेमाचं झबलं वर केलं, पत्रा जागेवर आहे का बघितलं, आणि आणखी एक दोरा काढून त्यावर आवळला.

"आज सुटू द्यायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

खेमा रडली. रडायलाही तिच्यात जोर नव्हता. मी तिला मांडीवर घेतलं. कमरेवर दोऱ्याचा लाल वळ उठला होता. इतकीशी कमर. माझ्या दोन हातांत मावणारी.

लाइट गेली.

आणि लगेच... करकर.

या वेळी आईनेही ऐकलं. तिने खेमाला माझ्या मांडीवरून ओढून छातीशी धरलं. श्वास सुरू झाले. आधीपेक्षा जवळ. माझ्या कानाशी, खांद्याशी, गुडघ्याशी. सगळी उंची लहान मुलांची.

"आली," आई पुटपुटली. "न्यायला आली. शालन, पत्रा धर! धरून ठेव!"

मी पत्रा मुठीत धरला. आकडे तळव्याला टोचले. एक, सात, चार.

आणि मला दिसलं. म्हणजे डोळ्यांना नाही. एक म्हातारी, दारावर थाप पडली की अशीच मूठ आवळून बसलेली. सुटूनही न सुटलेली. आणि आता तशीच मी. आणि उद्या माझी खेमा.

मी मुलाचा विचार केला. तो पत्र्याविना गेला. पण तो तापाने गेला होता. औषध उशिरा मिळालं म्हणून गेला होता. नंबर नव्हता म्हणून नाही.

मी वाकले आणि दातांनी गाठ सोडायला लागले.

"शालन! वेडी झालीस? मरेल ती!"

"मरणार नाही."

"एकदा गेलंय तुझं—"

"आई! माझी लेक आहे. हिच्या अंगावर कोणी नंबर घालणार नाही. तुझ्या मावशीने नाही, तू नाही, मीही नाही."

आई मधे पडायला उठली. आत्यांनी तिला हाताने बाजूला केलं. रागाने नाही. म्हणाल्या, "इहीनबाई, बसा. म्याबी येक टोपली रिकामी केलीय. मान मोडत नाय. हलकी व्हती."

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटेना. माझ्या तोंडात दोऱ्याची, मेणाची आणि मिठाची चव आली. आणि माझ्या गालाला काहीतरी लागलं... ओला, गार, लहान गाल. माझ्याच बाजूने त्याच गाठीवर लागलेला.

मी सरकले नाही. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण सरकले नाही. आम्ही दोघींनी मिळून सोडली.

पत्रा हातात आला. आत्यांनी काही न विचारता पाटा पुढे ओढला, वरवंटा माझ्या हातात दिला.

मी ठोकला. जितका जोर होता तितका. ठक. ठक. मग आत्यांनी घेतला. ठक. ठक. आधी चार गेला. मग सात. एकच्या आकड्याला वेळ लागला. शेवटी तिथे नुसता चपटा, चकचकीत पत्रा उरला. काही न लिहिलेला.

आम्ही थांबलो.

ठोकण्याचा आवाज थांबला नाही.

खालून येत होता. फरशीच्या खालून, लाकडावर, शेकडो लहान मुठींनी. ठक ठक ठक ठक... भांडी हलली. पाण्याचा हंडा थरथरला. आई भिंतीला चिकटून उभी. मग फळी मोडल्यासारखा एक आवाज झाला, प्रचंड, आणि दार धाडकन उघडलं. खोलीतून वारा बाहेर गेला. बाहेरून आत नाही. आतून बाहेर. माझा पदर दाराच्या दिशेने उडाला आणि बराच वेळ तसाच उडत राहिला.

जाणारे खूप होते.

मग कौलं तडतडली. बस्स.

खेमाच्या कपाळावर घाम आला होता. मी ओठ टेकवले. घामच होता. साधा, बाळाचा, दुधाळ घाम. ताप उतरत होता.

औषधाने उतरला असेल. मीही तेच म्हणते. औषध पूर्ण आठवडा दिलं.

तो चपटा पत्रा मी उंबऱ्याबाहेर ठेवला. आत्या म्हणाल्या होत्या नदीत सोडू, मग स्वतःच म्हणाल्या, नको, नदी दर्याला जाते, तिला परत दर्या कशाला. पुढच्या शुक्रवारी तो तिथे नव्हता. मिस्टर म्हणतात भंगारवाल्याने नेला. असेल.

चाळीत कळल्यावर लोकांनी खूप सुचवलं. वांगणीचा भगत आहे, बाधा काढतो. वेणूबाई तर लिंबं घेऊनच आल्या. मी त्यांना सरबत करून दिलं, त्याच लिंबांचं. म्हटलं, तिला आधी गावातून काढली, मग गलबतातून, मग बोटीवरून, मग बंदरावरून. आता माझ्या घरातून तिला कोणी काढणार नाही. राहायचं तर राहील, जायचं तर जाईल.

आता खेमा अडीच वर्षांची आहे. हे लिहितेय तेव्हा शेजारी झोपलीय, एक पाय माझ्या कागदावर टाकून. तो हळूच उचलून ठेवते, पुढची ओळ लिहिते, परत पाय येतो.

सगळं ठीक आहे. पण एक-दोन गोष्टी आहेत.

तिला गाठ दिसली की ती सोडते. परकराची नाडी, भाजीच्या पिशवीची सुतळी, दारात बांधलेली कोणाची शेळी. हातांनी नाही. दातांनी. कोणी शिकवलेलं नाही. मागच्या महिन्यात वेणूबाईंच्या पोपटाच्या पिंजऱ्याचं सुतळीने बांधलेलं दार उघडलं. वेणूबाई तणतणत आल्या, "शालन, तुझी लेक चोर हाय!"

मी म्हटलं, "तिने घरी कुठे आणला, वेणूबाई? सोडलाच ना?"

आत्या मागे तोंडाला पदर लावून हसत होत्या.

दुसरी गोष्ट. तिचे पुढचे दात सगळे आले. वरचा, मधला, एक नाही आला. डॉक्टर म्हणतात येईल, काहींना उशिरा येतो.

मी वाट बघतेय.

मला पुन्हा दिवस गेलेत. आई परवा विचारत होती, बिचकत, येणाऱ्याला काय बांधायचं? मी म्हटलं, काही नाही. रात्री झोप येत नाही, हेही खरं आहे. नाकाशी बोट धरायची सवय सुटलेली नाही.

आज शुक्रवार. लाइट आत्ताच गेली. गिरणी थांबली. पाळणा माळ्यावर आहे, गुंडाळून ठेवलेला, तरी कुठेतरी लाकूड करकरतंय. झोपेतच खेमाने दाराकडे तोंड केलंय आणि हसतेय...

दार मी उघडंच ठेवलंय.